खाली लिहिलेला डबा

आधी नाव सांगते: दत्तबाबू. कलकत्त्यात मला ज्यांनी सांभाळलं ते हे. माझ्या हातून काय गेलं आणि त्याचा भार कुणी उचलला, ते ओघानं येईलच. पण पत्राच्या माथ्यावर 'श्री' घालतात तसं हे नाव मला वरती लिहायचं होतं. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. लिहिताना मधेच धीर सुटला, तर निदान नाव तरी कागदावर राहील.

दत्तबाबू म्हणजे कुणी बंगाली दत्त नव्हेत. ते दत्तात्रय सबनीस. आजोबा छापखान्यात खिळे जुळवायला म्हणून कलकत्त्याला गेले ते तिथलेच झाले. कामावर लागले त्या दिवशी कुणीतरी नाव विचारलं, यांनी 'दत्ता' सांगितलं, आणि समोरच्याला ते आडनाव वाटलं. "तीस वर्षं झाली, कुणाकुणाला समजावू? एक म्हातारे गृहस्थ माझ्यासाठी स्थळं घेऊन आले, तर म्हणे दत्तांच्या घरातली नको, एकाच आडनावात कसं, घोषांची बघू." एवढं सांगून ते हसायचे. लग्न त्यांनी शेवटी केलंच नाही.

त्यांचं हसणं बघण्यासारखं होतं. खांदे गदगदायचे, डोळे मिटायचे, पण आवाज म्हणून नाही. मला वाटलं, सवयच तशी असेल. पुढं कळलं की फिल्मच्या टेबलावर मोठ्यानं हसलं तर थुंकीचा बारीक शिंतोडा निगेटिव्हवर उडतो आणि त्याचा पडद्यावर केवढा तरी डाग होतो. म्हणून माणसानं हसण्यातला आवाजच काढून टाकला होता.

आमची ओळख कलकत्त्यातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. ह्यांची सरकारी कचेरीतून बदली झाली होती, बेहालाला दोन खोल्या घेतल्या होत्या आणि मी दिवसभर त्या दोन खोल्यांत एकटी. बाहेर पडावं तर भाषा येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. गणपतीच्या मखराला मी शिवलेली झालर होती. दत्तबाबू तिच्याजवळ वाकून, चष्मा कपाळावर ढकलून, एक-एक टाका बघत होते. देवाकडे पाठ!

"हे कुणाच्या हातचं?" त्यांनी विचारलं. मी घाबरून म्हटलं, "चुकलंय का काही?"

"चुकलेलं नाही म्हणून तर विचारतो. वहिनी, तुमच्या बोटांना काम देऊ का?"

काम म्हणजे टालीगंजला, एका छोट्या कंपनीत. माहितीपट आणि थेटरात दाखवायच्या जाहिराती तिथं व्हायच्या. दत्तबाबू निगेटिव्ह कापून जोडण्याच्या खोलीचे मुख्य. पांढरे सुती हातमोजे घालायचे, फिल्म फक्त कडेनं धरायची, धूळ पुसायची, त्यांनी खूण केली तिथं कापायचं, कडेचा पापुद्रा खरवडायचा आणि रसायन लावून जोडायचं. शिवणकामच, फक्त सुई नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी दोन टाकाऊ पट्ट्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाले, "चेष्टा करा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कुणाची चेष्टा करायची? डोळ्यांत पाणी यायला लागलं तसे ते गडबडले. "अहो, चेष्टा म्हणजे, काय म्हणतात मराठीत... प्रयत्न! प्रयत्न करून बघा." बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्यांचं मराठी असं होतं. घरात शिकलेलं, बाहेर बंगालीच्या हवेत वाढलेलं. पाणी प्यायचं नाही, खायचं. "पाणी खाऊन घ्या, वहिनी." बंगाली माणूस पाणी खातो, चहा खातो, बिडीसुद्धा खातो. मला हसू यायचं. त्यांना माझ्या हसण्याचं वाईट वाटायचं नाही; उलट दुसऱ्या दिवशी मुद्दाम म्हणायचे, "आज दोन भांडी चहा खाल्ला."

मला इंग्रजी वाचता येत नाही हे मी लपवलं होतं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या सगळ्या इंग्रजीत. आकडे कळायचे, त्यावर मी निभावत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक डबा मागितला, मी दुसराच दिला. त्यांनी तो घेतला, उघडला, बंद केला, स्वतः उठून योग्य तो आणला. खोलीत आणखी दोघं होते. कुणाला कळलंही नाही. संध्याकाळी बसच्या थांब्यावर ते नुसतं म्हणाले, "डब्यांवर तुम्ही आपल्या अक्षरात लिहीत जा. मी आहे ना वाचायला. इंग्रजी चिठ्ठी मागाहून मी लावीन."

तेव्हापासून पांढऱ्या चिकटपट्टीवर माझं बाळबोध अक्षर त्या खोलीत आलं.

आता त्या नावेबद्दल सांगायला हवं. कंपनीच्या प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला एक नाव दिसायची. पहाटेची गंगा, एक देशी नाव, तिचं शीड हळूहळू वर चढतं, पूर्ण ताणलं गेलं की त्यावर कंपनीचं नाव उमटतं. बारा सेकंद. फिल्म मोजली तर अठरा फूट. कंपनीचे मालक मित्तिरबाबू तरुण असताना त्यांनी स्वतः ते घेतलं होतं. ती नाव पुढं मोडीत निघाली, नावाडी आपल्या गावी निघून गेला. म्हणजे ती पहाट एकदाच होती आणि ती एवढ्या अठरा फुटांत होती.

मी लागले त्या वर्षी मित्तिरबाबू एक नवं चित्र पडद्यावर बघून तरातरा आमच्या खोलीत आले. "दत्तबाबू, नौका कोथाय? ए तो कुयाशा!" नाव कुठाय, हे तर नुसतं धुकं!

दत्तबाबू म्हणाले, "धुकं आपणच केलंय." मग त्यांनी मागच्या सात चित्रांची सुरुवात एकाखाली एक टेबलाच्या काचेवर मांडली. खालून दिवा होता. पहिल्या पट्टीत शिडाच्या दोऱ्या मोजता येत होत्या. तिसरीत दोऱ्या गेल्या. पाचवीत नावाडी गेला. सातवीत अक्षरं सुजल्यासारखी जाड झाली होती आणि पाणी व आकाश एकच. घाईघाईत दरवेळी मागच्या चित्राच्या सुरुवातीवरून पुढच्याची नक्कल काढली जात होती. त्यात दत्तबाबूंची भूमिका इतकीच की ते दरवेळी नको म्हणायचे आणि दरवेळी मालक म्हणायचे, परवा चित्र द्यायचंय.

मित्तिरबाबूंना पटेना. नक्कल ती नक्कल, त्यात काय? मी कोपऱ्यातून, कुणी विचारलेलं नसताना, मराठीत पुटपुटले, "ब्लाऊजवरून ब्लाऊज बेतल्यासारखं झालं हे."

"म्हणजे?" दत्तबाबू वळले.

"म्हणजे... कागदाचा नमुना ठेवायचा असतो. त्यावरनंच प्रत्येक बेतायचा. शिवलेल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं केलं तर दरवेळी बोटभर वाढतो. सातवा अंगाला होत नाही."

दत्तबाबूंनी ते बंगालीत मालकांना सांगितलं. मित्तिरबाबू माझ्याकडे बघून काहीतरी बोलले आणि गेले. दत्तबाबूंचे खांदे हलत होते. "म्हणाले, या बाईला आधी का नाही विचारलंस, माझी सात चित्रं वाचली असती."

मग त्यांनी कपाटाच्या तळातून मूळ निगेटिव्ह काढलं. त्याला ते 'आई' म्हणायचे. "आईला सारखा त्रास द्यायचा नाही. दरवेळी यंत्रातून काढली तर ओरखडे पडणार. आईवरून एकदाच, बारीक कणांच्या फिल्मवर, सावकाश एक उलटी छबी काढायची. ती मावशी. मग प्रत्येक चित्राला लागणारं निगेटिव्ह मावशीवरून. त्या मुली. मुलीवरून मुलगी काढायची नाही. कळलं?"

मालक म्हणाले, आई असताना मावशीचा खटाटोप कशाला? दत्तबाबूंनी त्यांना मराठीतच ऐकवलं, "माय मरो, मावशी उरो!" आणि मग भाषांतर करण्याचा कंटाळा करून कामाला लागले. तीन दिवस लागले त्यांना. प्रयोगशाळेतून आलेल्या दोन छब्या त्यांनी परत पाठवल्या. तिसरी भिंगाखाली धरून मला बोलावलं. मला ती फिकट वाटली. काळं काळं नव्हतं, पांढरं पांढरं नव्हतं. तसं मी म्हटलंही.

"फिकट असायलाच हवी," ते म्हणाले. "फिकट आहे म्हणून तिच्यात सगळं मावतं. भडक असती तर दोऱ्या हरवल्या असत्या. मोजा."

मी दोऱ्या मोजल्या. सगळ्या होत्या.

त्या मावशीवरून नवी मुलगी काढून पुढच्या चित्राला लावली आणि पडद्यावर नावाडी परत आला. मित्तिरबाबूंकडून त्या दिवशी आमच्या खोलीत संदेश मिठाईचा पुडा आला.

दत्तबाबूंच्या आणखी एका वेडाबद्दल सांगते. ते कधी महाराष्ट्रात आलेच नव्हते. पण आमच्या कऱ्हाडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात हे त्यांनी आजोबांकडून ऐकलं होतं आणि ते त्यांना काही केल्या पटत नव्हतं. "नद्या अशा कोनात मिळतात, वहिनी. समोरून येऊन कशा मिळतील? टक्कर नाही होणार?" मी म्हणायची, "होत नाही. मिळतात आणि वळून पूर्वेला जातात." मग ते दोन पट्ट्या टेबलावर समोरासमोर ठेवून बघायचे आणि मान हलवायचे. "हा जोड मला बघायचाय." सांधा, जोड एवढ्याच नजरेनं त्यांनी जग बघितलं.

आता माझी चूक.

निगेटिव्हच्या खोलीत दोन कप्पे होते. मी भरलेले काही डबे वरच्या कप्प्यात जायचे असले की मी त्यांवर 'वर' लिहायची. आमच्या कंपनीत रामऔतार म्हणून बिहारकडचा शिपाई होता, वयानं मोठा, थट्टेखोर. त्यानं ते वाचलं आणि दारातूनच ओरडला, "बहूजी, इस डिब्बे में दूल्हा बंद किया है? बारात कब निकलेगी?" हिंदीत वर म्हणजे नवरदेव. दत्तबाबूंचे खांदे कितीतरी वेळ हलत होते. मीही हसले. 'वर'ची गंमत आम्हाला कळली. 'खाली'ची कुणालाच सुचली नाही.

दुसऱ्या वर्षी, भाद्रपद संपता संपता, आईचा जुना डबा गंजलेला दिसला. दत्तबाबूंनी मला नवा डबा दिला, म्हणाले, "आईला यात घाला. आणि खाली ठेवा, वरच्या कप्प्याला छताची ऊब लागते. चिठ्ठी मी उद्या लावतो." दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, ते आले नाहीत. मी डबा पुसला, आईला कागदात गुंडाळून आत ठेवलं आणि कुणी चुकून वर ठेवू नये म्हणून चिकटपट्टीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: खाली.

विश्वकर्मापूजा तोंडावर होती. तिकडे त्या दिवशी प्रत्येक कारखान्यात हत्यारांची पूजा होते, तिच्या आधी साफसफाई होते. मी डबा ठेवला त्याच दुपारी रामऔतारनं निगेटिव्हच्या खोलीतलं सगळं बाहेर मांडलं, फरशी धुतली, रिकामे डबे आणि टाकाऊ फिल्म भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवली. हिंदीत खाली म्हणजे रिकामा. बंगालीतही तेच. अठरा फूट फिल्मचं वजन ते किती? त्यानं डबा उचलला, हलका लागला, वर लिहिलेलंही तसंच. त्याची काय चूक?

आणि हातगाडी बाहेर निघताना दार मी धरलं होतं. "सांभाळून," असंही म्हणाले.

पूजेच्या दिवशी सगळं आकाश पतंगांनी भरलेलं होतं. दत्तबाबूंची एक रीत होती. मूर्तीपुढे सगळे आपापली हत्यारं ठेवायचे. हे आईचा डबा ठेवायचे आणि त्याला हळदकुंकू लावायचे, आपल्याकडे खंडेनवमीला लावतात तसं. ते कुंकवाची डबी घेऊन आत गेले. बाहेर आले ते रिकाम्या हातांनी.

"वहिनी, आई कुठंय?"

"खालच्या कप्प्यात. मी लिहिलंय ना वरती, खाली म्हणून."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि माझा मलाच ऐकू आला. रामऔतार तिथंच उभा होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. "खाली लिखा था, बाबू," तो हळूच म्हणाला.

मी खाली बसले. दत्तबाबूंनी कुंकवाची डबी बंद करून खिशात ठेवली, सुरईतून पाणी ओतलं, माझ्यापुढे धरलं. "आधी पाणी खा." एकेरीत बोलले. त्यानंतर कधी बोलले नाहीत तसे.

पूजेची सुट्टी सरल्यावर आम्ही दोघं सियालदहजवळच्या भंगारवाल्याच्या गोदामात गेलो. तिथं फिल्म उकळत्या पाण्यात धुतात, वरचा थर काढून त्यातली चांदी वेगळी करतात आणि उरलेल्या नितळ पट्ट्यांच्या कसल्या कसल्या वस्तू होतात. डबा मिळाला. माझी पट्टी तशीच होती, आत तिथं फिल्म धुणाऱ्या बायकांनी विडीचा तंबाखू ठेवला होता. दत्तबाबू नितळ पट्ट्यांच्या ढिगाशी उकिडवे बसले आणि हातमोजे घालून एक-एक पट्टी कडेनं उचलून बघू लागले. भंगाराच्या ढिगात हातमोजे! लोक हसत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी एक पट्टी उजेडाकडे धरली. तिच्यात काहीच नव्हतं. पलीकडची खिडकी दिसत होती.

"हीच. हा जोड माझा आहे," ते म्हणाले. टोकाशी असलेल्या सांध्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग, मला नव्हे, पट्टीलाच सांगितल्यासारखं, "आता मात्र खरंच खाली."

परतताना ट्राममध्ये मी म्हटलं, "मी मालकांना सांगते. माझी चूक."

"तुम्ही सांगितलंत तर ते विचारतील, इंग्रजीत का नाही लिहिलं. मग काय सांगाल?"

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी दाराआडून ऐकत होते तेव्हाही गप्पच होते. दत्तबाबू म्हणाले, "चिठ्ठी लावायचं काम माझं. मी लावली नाही." मित्तिरबाबू आधी ओरडले, मग नुसते बसून राहिले. ती त्यांच्या तरुणपणातली पहाट होती. शेवटी त्यांनी हात पुढे केला. निगेटिव्हच्या खोलीच्या किल्ल्या दत्तबाबूंच्या कमरेला कितीतरी वर्षं होत्या. त्यांनी सोडून दिल्या. त्यानंतर कप्प्यातला डबा हवा असला की त्यांना एका नव्या माणसाकडे मागावा लागायचा. तो विचारायचा, कशाला हवाय, आणि दत्तबाबू कशाला ते सांगायचे.

मावशी मात्र होती. तीन दिवस खपून काढलेली, दोन वेळा परत पाठवून मिळवलेली. पुढच्या प्रत्येक चित्राची नाव तिच्यावरूनच निघाली आणि पडद्यावर कुणाला फरक कळला नाही. ती म्हण मात्र दत्तबाबूंनी पुन्हा कधी उच्चारली नाही. एकदाच मी विचारलं, मावशीला काही झालं तर? ते म्हणाले, "तिची बहीण काढून ठेवलीय. दुसऱ्या इमारतीत. आणि चिठ्ठी इंग्रजीत आहे."

मला त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर मी मोकळी झाले असते. त्याऐवजी रोज दुपारी चहाच्या वेळी चिकटपट्टीचा एक तुकडा माझ्या टेबलावर चिकटवायचे. त्यावर एक इंग्रजी अक्षर. पहिल्या दिवशी ए. दुसऱ्या दिवशी बी. कुणी विचारलं तर म्हणायचे, डब्यांची खूण आहे. सव्वीस दिवसांनी म्हणाले, "आता चेष्टा करा." मी पहिली इंग्रजी चिठ्ठी लिहिली, 'बोट', म्हणजे आपली ती नाव. त्यांनी भिंगाखाली धरून बघितली, जसं काही निगेटिव्हच.

तीन वर्षांनी ह्यांची बदली परत देशावर झाली. हावडा स्टेशनवर दत्तबाबू येतील असं वाटलं नव्हतं, कामाचा दिवस होता. गाडी सुटायला पाच-सात मिनिटं असताना गर्दीतून वाट काढत आले. हातात फिल्मचा छोटा डबा. वर चिकटपट्टी, आणि तिच्यावर देवनागरीत, वळणदार नव्हे, शिकाऊ अक्षरात: खाली.

"हा कुठं ठेवू?" मी खिडकीतून विचारलं.

"वर लिहिलंय ना." आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

मी डबा बाकाखाली ठेवला. समोरचा हिंदी बोलणारा प्रवासी भला माणूस होता. म्हणाला, "बहनजी, खाली डिब्बा है तो मुझे दे दीजिए, पान रखूँगा." मग मीच हसले, आणि हसता हसता रडले. ह्यांना काही कळेना.

गाडी हलली. दत्तबाबू चालत नव्हते, धावत नव्हते, एका जागी उभे होते. त्यांनी हात वर केला तेव्हा दिसलं, उजव्या हातातला पांढरा मोजा काढायचा राहून गेला होता. माणसं मिसळली, डोकी एक झाली, तरी तो पांढरा पंजा बराच वेळ वेगळा दिसत होता.

डबा मी उघडला तो गावं, शेतं लागल्यावर. मावशीवरून काढलेली मुलगी, पूर्ण अठरा फूट. खिडकीशी धरून, कडेनं धरून, मी चौकट-चौकट पुढं सरकवली. शीड चढत होतं. दोऱ्या मोजल्या. सगळ्या होत्या.

आता मी कऱ्हाडला असते. मुलींना शिवण शिकवते, कागदाचा नमुना फेकू नका म्हणून ओरडते. दत्तबाबू निवृत्त झाले. पत्रं येतात, अक्षर मोठं होत चाललंय, डोळे अधू झालेत. मागच्या पत्रात लिहिलं होतं, 'तुमच्या नद्या बघण्याची चेष्टा करीन म्हणतो, पण एकट्यानं एवढा प्रवास आता व्हायचा नाही.'

एकट्यानं करायचा नाहीच, दत्तबाबू. मी येईन न्यायला. त्या दाराआड मी गप्प राहिले त्याची फेड दुसऱ्या कशानं व्हायची ते मला ठाऊक नाही, पण एवढं करीन. तुम्हाला घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसवीन, जिथून दोन्ही नद्यांचं पाणी समोरासमोर येताना दिसतं. डोळ्यांना नीट दिसलं नाही तर जोड कुठं आहे ते मी बोट धरून दाखवीन. आणि ओंजळ भरून तुमच्यापुढे धरीन, म्हणेन, खा.